अप्पांची मांडी आणि विमानाची खुर्ची

सोलापूर स्टेशनावर मुंबईची गाडी लागली तेव्हा आमचे अप्पा डब्यात चढले, खिडकीपाशी बसले आणि सगळ्यात आधी त्यांनी चपला काढून मांडी घातली. आफ्रिकेला निघालेला माणूस निरोपाला आलेल्यांशी कसा बोलतो हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण त्याआधी दोनदा मी तसा बोललो होतो. हात खिडकीबाहेर, आणि दर माणसाला तेच सांगणं, पत्र टाका. अप्पांनी यातलं काहीही केलं नाही. माझ्या चुलतभावाला त्यांनी ज्वारीच्या पोत्यांना उंदीर लागू देऊ नको म्हणून बजावलं, दुकानाची किल्ली कमरेलाच ठेव म्हणून सांगितलं, आणि गाडी हलल्यावर मला, म्हणजे आपल्या मुलाला, विचारलं, "तम्मा, त्या इमानात बसायला कसं हाय?"

"लई चांगलं हाय, अप्पा. मऊ खुर्च्या असतात."

"मऊचं राहू दे. मांडी घालता येती का?"

"येती की," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातल्या दोन मोठ्या थापांपैकी ही पहिली. दुसरी पुढे येईल, घाई नको.

अप्पांचं मंगळवार पेठेत भुसारी दुकान. बाराव्या वर्षी ते दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसले आणि तेव्हापासून या गृहस्थांनी पाय लोंबकळत सोडून कधी काही केलेलं नाही. एसटीत बसले की चपला खाली, पाय वर. न्हाव्याच्या खुर्चीत मांडी. माझ्या लग्नात फोटोवाल्याने त्यांना स्टुलावर बसवलं, तर त्यांनी स्टुलावर मांडी घातली, आणि त्या फोटोत आजही ते कुठल्यातरी मठाचे स्वामी दिसतात. अव्वा, माझी आई, गेली त्याला वर्ष झालं होतं. मी एकुलता एक, आणि तोही मोंबासाच्या एका कापड गिरणीत विव्हिंग मास्तर. अप्पा घरात एकटे, सकाळची भाकरी संध्याकाळी खाणारे. त्यांना कायमचं घेऊन जायचं, एवढा एकच विचार घेऊन मी त्या वर्षी रजेवर आलो होतो. बरीच मनधरणी केल्यावर ते "येऊन बघतो" इथवर आले होते. त्या "बघतो"वर सगळं अवलंबून होतं, आणि मी त्यांना बसवलं कशात, तर विमानात.

आता विमानाबद्दल मला जरा मनातलं बोलू द्या. तुमच्यापैकी जे सोलापुरात राहिले त्यांना वाटतं की आम्ही ढगांवर लोळत जातो. जे माझ्यासारखे गेले ते हे वाचताना आत्ता गुडघे चोळत असतील. माझी उंची सहा फूट एक इंच. पहिल्या खेपेला माझा गुडघा आणि पुढची खुर्ची यांच्यात चार बोटं सहज मावायची. दुसऱ्या खेपेला तीन, तीही ओढूनताणून. अप्पांबरोबर गेलो त्या खेपेला बोटांचा प्रश्नच मिटला, गुडघाच आत मावेना. मी विमान कंपनीच्या कचेरीत तक्रार केली. तिथल्या गृहस्थाने अत्यंत प्रेमाने समजावलं की खुर्ची होती तेवढीच आहे, फक्त ओळी वाढल्या आहेत.

ओळी वाढवणं मला कुणी शिकवायला नको. एका इंचात जास्त धागे ठोकले की कापड घट्ट होतं. फरक इतकाच की धाग्यांना गुडघे नसतात. आणि आमच्या धंद्यात कापड आटलं तर गिऱ्हाईक ते घेऊन दारात उभं राहतं, आम्ही मान खाली घालतो, बदलून देतो. कापड निदान धुतल्यावर तरी आटतं. विमान कोण धुतं, देव जाणे. त्यातच पुढचा प्रवासी एक कळ दाबून खुर्चीसकट मागे झोपतो आणि त्याचं डोकं तुमच्या मांडीवर येतं. त्याच्या डोक्याला तेल कुठलं लावलंय हे मला कळू शकतं, पण माझा पाय कुठे आहे ते कळत नाही.

असो. आम्ही लिंगायत. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. रोज अंघोळीनंतर मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्यांची पूजा होते, आणि पूजा झाल्याशिवाय ते अन्नाला शिवत नाहीत. त्या सकाळी मुंबईत एका ओळखीच्यांकडे अंघोळ झाली, पण पूजेला वेळ उरला नाही. "इमानात करतो की," अप्पा म्हणाले. मी तोंड दुसरीकडे वळवलं.

विमान वर गेलं. कमरेचे पट्टे सुटले. अप्पांनी चपला काढल्या आणि उजवा पाय वर घेतला. तो कसाबसा बसला. मग डावा. डावा मध्येच पुढच्या खुर्चीला अडकला. त्यांनी जोर केला. पुढचे साहेब मागे वळून बघायला लागले. पुन्हा जोर केला, तेव्हा साहेब उठून उभे राहिले.

"अप्पा, आजचा दिवस पाय खाली सोडूनच करा की पूजा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना मापात पाप करायला सांगितलं होतं. मग उठले, पिशवीतून चादर काढली, दोन रांगांमधल्या वाटेवर अंथरली आणि ऐसपैस मांडी घालून बसले. कपाळाला विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले. साऱ्या विमानात तेवढा एकच माणूस नीट बसलेला होता.

हवाई सुंदरी जेवणाची गाडी ढकलत आली आणि थबकली. "बाबा, यहाँ नहीं बैठ सकते."

अप्पांनी डोळे न उघडता बोटं दाखवली, दहा मिनिटं.

"धा मिनिटं म्हणतायत," मी मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग घाबरून इंग्रजीत. तिच्या मागे संडासला निघालेल्यांची रांग लागली. एक माणूस गाडीवरून ओणवा होऊन बघू लागला. शेवटी टाय लावलेला एक अधिकारी आला आणि त्याने अतिशय सभ्यपणे अप्पांना दंडाला धरून उठवलं. पूजा अर्धी राहिली. अप्पांनी लिंग डबीत ठेवलं, चादरीची घडी केली आणि खुर्चीवर बसले, पाय लोंबकळत सोडून. समोर आलेलं ताट त्यांनी हाताने मागे सारलं. "साकु," एवढंच कानडीत म्हणाले, पुरे झालं. नैरोबी येईपर्यंत सहा तास ते समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होते. ती त्यांच्या नाकापासून इतकी जवळ होती की दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

नैरोबीहून मोंबासाच्या रेल्वेत त्यांना अख्खा बाक मिळाला. तिथे पूजा झाली, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पोटात गेली, आणि मग ते बोलले. "तम्मा, परत मला त्या डब्यात घालू नको. मेलो तरी न्हाई."

तुम्ही म्हणाल, मुलाला वाईट वाटलं असेल. वाटलं की. पण नैरोबी आणि मोंबासाच्या मध्ये कुठेतरी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अप्पा विमानात बसणार नाहीत. म्हणजे अप्पा परत जाणार नाहीत. ज्या खुर्चीला मी शिव्या घालत होतो, तिनेच माझं काम करून टाकलं होतं. मी मनातल्या मनात विमान कंपनीला आशीर्वाद दिला आणि आणखी दोन ओळी वाढवा म्हणालो.

चार महिने बरे गेले. माझी बायको गिरिजा सासऱ्यांना "मामा, भाकरी आधी का चहा?" विचारायची आणि ते "दोन्ही" म्हणायचे. मुलं त्यांना 'पोले पोले' शिकवायची, म्हणजे हळूहळू, सावकाश, आणि हा शब्द अप्पांना इतका आवडला की ते भाजीवालीलाही तेच सांगायचे. पण श्रावण तोंडावर आला आणि ते म्हणाले, "आता जातो. दुकान किती दिस दुसऱ्याच्या हातात ठेवायचं?"

"जा की. विमानाचं तिकीट काढतो," मी म्हणालो.

"इमान न्हाई. ह्या गावाला बंदर हाय. बोटीनं जातो."

आणि इथे मी ती दुसरी थाप मारली. "त्या मालाच्या बोटी, अप्पा. माणसं नेत न्हाईत."

वास्तविक माणसं नेणारी बोट तेव्हा दर काही आठवड्यांनी मुंबईला सुटायची. बंदरावर राहून बोट लपवायची म्हणजे काय कसरत असते ते मला विचारा. मी अप्पांना फिरायला न्यायचो ते बंदराच्या उलट दिशेला. बोट सुटायच्या दिवशी त्यांना शेतं बघायला घेऊन जायचो. भोंगा वाजला की मी गिरणीचा आहे म्हणून सांगायचो, आणि ते म्हणायचे, "तुझी गिरणी भलत्या टायमाला सुटती."

घात केला रतिलालभाईने. हा कोपऱ्यावरचा वाणी. त्याच्या दुकानात पोत्यांवर मांडी घालायला जागा होती, म्हणून अप्पा सकाळ-संध्याकाळ तिथेच. एके दिवशी ते घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवला.

"मालाच्या बोटीत काल तीनशे माणसं चढली म्हणं."

मी त्यांचा रिकामा कप उचलायला वाकलो.

"माणसाला माल म्हणून नेत असतील तर मला बी माल म्हणून चढव. माझ्यावर ठप्पा मार, ज्वारी, एक नग."

गिरिजा पदराआड हसली. मी शरमेने लाल झालो आणि बोटीची दोन तिकिटं काढली. त्यांना एकट्याला सोडवेना, म्हणून उरलीसुरली रजा टाकून मीही निघालो.

नऊ दिवस. नऊ दिवसांत माझ्या गुडघ्यांनी मला आयुष्यभराची माफी दिली. डेकवर लोक गाद्या-सतरंज्या पसरून बसलेले, पत्ते चाललेले, कुणाचं लोणचं कुणाच्या ताटात. अप्पा सकाळी अंघोळ करून चादर अंथरायचे, समुद्राकडे तोंड करून मांडी घालायचे आणि कुणी त्यांच्या दंडाला हात लावायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती कच्छी व्यापाऱ्यांचं कोंडाळं जमलं. पाचव्या दिवशी ते बोटीच्या आचाऱ्याला आमटीत गूळ किती घालायचा ते सांगत होते. विमानात माझा बाप सामान होता, बोटीत तो पेठेतला सावकार झाला.

सातव्या दिवशी मी धीर करून विचारलं, "अप्पा, आमच्याकडं करमत न्हाई का?"

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "तुझं घर झकास हाय. सूनबाई सोन्यासारखी हाय. पर तितं मी पावना हाय रे. तितं बसलो तरी पाय लोंबकळत ठेवून बसल्यासारखं वाटतंय."

मी त्यांना सोलापूरला पोचवलं आणि विमानाने, नाकाला गुडघे लावून, परत आलो.

दुसऱ्या वर्षी बातमी आली की माणसांची बोट बंद होणार. मुंबईहून शेवटची फेरी येईल, आठवडाभर थांबेल आणि परत जाईल. मी अप्पांना हे सगळं कळवणारं लांबलचक पत्र लिहिलं. हिच्यात बसा आणि या. यापुढे परतायचं म्हटलं तर फक्त विमान आहे, म्हणजे परतायचं नाही असंच धरून या. व्हरांड्यात तुमच्यासाठी गादी घातली आहे, दुकानात असते तशीच. रतिलालभाई रोज विचारतात.

उत्तर आलं. पाऊसपाणी, ज्वारीचा भाव, चुलतभावाच्या मुलीला आलेलं स्थळ, सगळं सविस्तर. आणि शेवटी दोन ओळी. "बोट येणार तशी जाणार बी हाय असं तूच लिवलंस. मग तूच बस तिच्यात. माझी गादी रुंद हाय, दोघं बसू."

मी पत्र गिरिजाला वाचून दाखवलं. ती हसली. मग तिने ते माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, आणि हसली नाही. ही बोट मी इतक्या वेळा लपवली, दाखवली, तिची तिकिटं काढली, पण ती मलाही कायमची घेऊन जाऊ शकते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी उत्तर लिहिलं. मुलांच्या शाळा, गिरणीत नुकतेच आलेले नवे माग, गिरिजाची तब्येत. कारणं सगळी खरी होती, तरी ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले. बोट आली आणि गेली. तिच्यातून अप्पा उतरले नाहीत आणि तिच्यात मी चढलो नाही.

ज्या ठिकाणासाठी माणूस स्वतःची घडी घालून घ्यायला तयार होतो ते त्याचं घर, असं मी मागे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात म्हणालो होतो. टाळ्या पडल्या. पण बोलून झाल्यावर आठवलं की अप्पांनी माझ्या घरासाठी सहा तास, उपाशीपोटी, घडी घालून घेतली होती, आणि तरी ते त्यांचं घर झालं नाही. त्यामुळे ते वाक्य मी आता म्हणत नाही.

गेल्या रजेला गेलो तेव्हा विमानात आणखी एक ओळ वाढली होती. ते जाऊ दे. स्टेशनावरून थेट पेठेत गेलो. अप्पा गादीवर होते, पण अगदी कडेला, भिंतीला खेटून, निम्मी गादी मोकळी. मला बघून सरकले असतील असं वाटलं. मी चुलतभावाला म्हटलं, "उगाच सरकले रे. मी बाकड्यावर बसलो असतो."

"तुझ्यासाठी न्हाई सरकले," तो म्हणाला. "बोटीचं पत्र लिवलं तवापासनं रोज असंच बसत्यात. गिऱ्हाइकाला बी तितं बसू देत न्हाईत."

अप्पा ज्वारी मोजत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मी चपला काढल्या आणि त्या मोकळ्या जागेवर बसलो. माझं सोलापूर आता तेवढंच आहे, निम्मी गादी, दोन वर्षांतून बावीस दिवस. जागा मात्र ऐसपैस आहे.