तंकमच्या घरचं ब्राह्मीचं तूप
तंकम पहाटे चारला उठायची. केरळात पट्टांबीच्या बाजूला भातखाचरांच्या ओल्या बांधांवर ब्राह्मी उगवते. ती ऊन चढायच्या आत काढावी लागते. नंतर पानं मान टाकतात, रस कमी निघतो. बावीस वर्षं ती गावच्या वैद्यशाळेसाठी हेच करत आली. काढायची, निवडायची, सात पाण्यांनी धुवायची, कुटून पिळायची. एखाद्या मुळाला चिखल राहिला तर स्वतःलाच शिव्या घालायची.

तिचा नवरा चामी त्याच वैद्यशाळेत तूप कढवायचा. त्या रसाचं, मुलांना परीक्षेआधी चाटवतात ते. तळाशी बसलेल्या कल्काची, वाटलेल्या पाल्याच्या गाळाची, तो बोटांत वात वळायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. चटचटली तर पाणी शिल्लक. गप्प जळली की उरुळी, ते काशाचं पसरट पातेलं, लगेच उतरवायची. उशीर झाला तर ते तूप पोटात घेता येत नाही, नुसतं अंगाला चोळायचं. पस्तीस वर्षांत चामीचं एकही तूप बिघडलं नव्हतं. मग एका महिन्यात तीन बिघडली. वैद्यांनी हात जोडून त्याला घरी बसवलं.

"जगाच्या पोरांना अक्कल वाटली आणि स्वतः घराची वाट चुकतो," शेजारच्या उखळावरची पातुम्मा तंकमला म्हणाली. "चेची, त्यालाच पाज की ते तूप."

"पाजणार. पण त्याच्याच हातचं."

डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत, असं तंकमला वाटत होतं. चार आठवडे तिनं निम्म्या मजुरीऐवजी गाईचं तूप मागून घेतलं. रविवारी सकाळी परसात चूल मांडली, रस ओतला आणि उलथणं चामीच्या हातात दिलं.

हात बरोबर फिरला. कडेकडून मध्यावर, तळ खरवडत. दुपारपर्यंत तो बसला नाही. तंकमला हायसं वाटलं.

"अहो, वात बघता का?"

त्यानं वात वळली, निखाऱ्यावर धरली. ती गप्प जळली.

"अजून नाही," चामी म्हणाला.

वात चटचटली नाही, हे तंकमनं ऐकलं होतं. पण उरुळीपाशी शब्द त्याचा. तिथं ती कधी तोंड उघडत नसे. आजही उघडलं नाही.

दुसरी वातही गप्प जळली.

"झालं वाटतं," ती हळूच म्हणाली.

"तुला काय कळतंय? पाला धुणारी तू!" तो हसला. अगदी पूर्वीसारखा.

त्या हसण्यानं ती पुन्हा गप्प बसली. मग करपल्याचा वास आला. तिनं नुसत्या हातांनी उरुळी ओढली, बोटं भाजली. तूप काळं पडलं होतं.

चामीनं वाकून पाहिलं. "कुणी जाळलं हे? वैद्य रागावतील." मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या?"

ते तूप ती त्याच्या तळव्यांना चोळत राहिली. पुढं वैद्यशाळेतलं चांगलं तूपही वर्षभर दिलं, रोज एक चमचा. काही फरक पडला नाही. ती बांधावर असताना तो घराबाहेर पडायला लागला. दोनदा शेजाऱ्यांनी आणून सोडलं. तिसऱ्यांदा नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा सापडला.

ओणमला तंकमनं वर्षभराची साठवलेली मजुरी लोहाराच्या हातावर ठेवली. त्यानं दाराला लोखंडी फाटक बसवून दिलं. कडी बाहेरून.