भागीदारीतला कोट

आमच्या खानदानात एक कोट आहे आणि त्याला दोन मालक आहेत. एक मी, दुसरा माझा मेहुणा गजानन. तो कोट शिवणाऱ्या सलीमभाईला मी अजून माफ केलेलं नाही. (तो म्हणतो, "माफी मांगली कोनं शेठ?" बघा, हा असा माणूस!)

मलकापुरात माझं मोटारपंपांचं दुकान आहे. सायकलच्या कॅरिअरला पाइप बांधून खेडोपाडी फिरण्यापासून सुरुवात केली आणि इथवर आलो, ते एकाच गुणावर: सांगितलेल्या भावात मी आयुष्यात काहीही घेतलेलं नाही. डॉक्टरनं चार इंजेक्शनं सांगितली तरी माझ्या तोंडून आधी "तिनात बसवा" असंच निघतं.

अशा माणसाच्या मुलीची सोयरीक पुण्यात जमली. बैठकीत सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. निघता निघता व्याही चष्मा पुसत म्हणाले, "रिसेप्शनला पुरुष मंडळी सुटात असतील ना? म्हणजे फोटो कसे, एकसारखे येतात."

झालं! माझ्या डोक्यात ठिणगी पडली. म्हणजे आम्ही काय पोतं गुंडाळून येणार होतो? मी छाती पुढे काढून म्हणालो, "सूट? रोजचंच आहे ते आमचं!" माझी बायको शोभा तेवढ्यात ठसका लागून आत गेली. सूट मी आजवर फक्त दुकानांच्या काचेत, पुतळ्याच्या अंगावर पाहिला होता.

तयार कोट घ्यावा, तर माझं पोट आणि माझे खांदे एका मापाचे नाहीत. पोटात बसणारा कोट खांद्यावरून गोधडीसारखा ओघळे आणि खांद्यात बसणारा पोटावर येऊन थांबे. तेव्हा शिवायचाच ठरला. खामगावच्या एका चकाचक टेलरनं शिलाई सांगितली, तेव्हा मी विचारलं, "कोटाची सांगितली का दुकानाची?" तिथून आम्हाला चहा न देता निरोप मिळाला. मग उरला आमच्या गल्लीतला सलीमभाई.

सलीमभाईनं माझ्याकडे आडवं-उभं पाहिलं. "शेठ, तुमच्या अंगाले कापड जास्त लागते."

"कापड माझं! तू शिलाई सांग."

त्यानं सांगितली. मी म्हणालो, "निम्म्यात कर."

"निम्म्यात निम्मा कोट शिवतो न! कोनतं अंग पायजे, डावं का उजवं?"

मी तडक उठलो. दारात गजानन भेटला. गजानन वरवट बकालचा शेतकरी, उसासारखा सडपातळ आणि तितकाच उंच. मुलीचा मामा म्हणून तोही कोटाचाच भाव काढायला आला होता. तिथेच, सलीमभाईच्या पायरीवर, मला ती कल्पना सुचली. (तेव्हा मला माझाच अभिमान वाटला होता, हे इथं मुद्दाम सांगतो.)

माझं थोडं शेत गजाननच्या शेताला लागून आहे. बोअर दोघांत एक. विजेची लाइन दिवसा असली की त्याच्या पिकाचं ओलित, रात्री असली की माझ्या. इतकी वर्षं तंटा नाही. मग बोअर जर पाळीनं चालतो, तर कोट काऊन नाही चालणार?

"गजू," मी म्हणालो, "सकाळी लग्न, संध्याकाळी रिसेप्शन. पोरीले बोहल्यावर तू नेशील, स्टेजवर मी उभा राहीन. दिवसपाळी तुई, रातपाळी माई. पँटी आपापल्या, कोट एक!"

गजाननने माझ्या पोटाकडे पाहिलं. "पन भाऊजी, तुमी ढोलाएवढे, मी टिपरीएवढा. माप कोनाचं?"

आम्ही दोघंही सलीमभाईकडे वळलो. त्यानं सुई तोंडातून काढली आणि पहिल्यांदाच मला मान दिला. "शेठ, असं गिऱ्हाईक आमच्या अब्बाच्या जमान्यातई नाही आलं."

पण हार मानेल तो टेलर कसला! त्यानं कोट माझ्या मापाचा शिवला आणि पाठीत, अस्तराखाली, चक्क नाडा ओवला. नाडा ओढून गाठ मारली की पाठीच्या चुण्या आत जात आणि कोट गजाननचा होई. सोडला की माझा. बाह्या मधल्या मापाच्या. गजाननची मनगटं बाहेर, माझी बोटं आत. मी शिलाईत आणखी थोडं तोडलं, गजाननशी निम्मेनिम करून घेतलं आणि शोभाला अभिमानानं कोट दाखवला.

तिनं नाडा दोन बोटांत धरून ओढून पाहिला. "हे कोट हाये का परकर?"

लग्नाच्या दिवशी सकाळी गजाननची पाळी. मलकापुरातला मे महिना, अंगात कोट, आणि वरातीत बँडवाल्यानं याचं आवडतं गाणं धरलेलं. मामा असा नाचला, असा नाचला, की नवरदेवाचा घोडा बाजूला झाला. मग त्यानं पोरीला दिमाखात बोहल्यावर आणलं. व्याही माझ्या कानाशी म्हणाले, "मामांचा कोट छान बसलाय. तुम्ही मात्र साधेच?"

"माझा संध्याकाळी," मी गूढ हसलो.

संध्याकाळ झाली. मंडपामागच्या खोलीत मी पँट-शर्ट-टाय घालून तयार. गजाननने कोट काढून दिला. मी नाड्याला हात घातला आणि गार पडलो. गाठ नव्हती ती, दगड होता!

"काय केलं बे हे?"

"वरातीत सुटू नये म्हनून बैलाची गाठ मारली न भाऊजी."

"माणसाच्या कोटाले बैलाची गाठ?"

"मले तेवढीच येते!"

वर घामानं भिजून नाडा आवळला होता. मी गाठ नखांनी ओढली, गजाननने दातांनी ओढली. (त्याचा दात हलला, गाठ नाही.) बाहेर माइकवर माझं नाव पुकारलं जाऊ लागलं. शोभा आत आली. "पोरगी, जवाई स्टेजवर उभे, व्याही तुमाले शोधून राह्यले! तिच्या सासरच्यांपुढं माझी मान खाली गेली न, तर पाहा मंग!"

आता एकच माणूस कामाचा होता आणि तो पाहुणा म्हणून जेवणाच्या रांगेत होता. सलीमभाई ताट घेऊनच आला. गाठ पाहिली, जिलेबीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "खोलून देतो न. खिशात कैची हाये माझ्या."

"किती घेशील?"

"घरचं लगन, शेठ. तुमी द्याल ते."

वाचकहो, "तुम्ही द्याल ते" हा जगातला सगळ्यात धोकादायक भाव आहे. मी तापलो. "नाही! आकडा सांग!"

"आकडाच पायजे? मंग पाहा, नाडा कापला तं नवा ओवा लागते, नवा ओवाले अस्तर उसवा लागते, अस्तर उसवलं तं..." आणि त्यानं जो आकडा सांगितला, त्यात गजाननची पँट आली असती.

"एका गाठीचे?"

"अहो, द्या न त्याले!" शोभा कळवळली.

"मुळीच नाही! लूट आहे ही!" आणि त्या रागाच्या झटक्यात मी कोट तसाच अंगात चढवायला घेतला. एक हात गेला. दुसराही गेला. मग मी खांदे झाडले.

चर्रर्र!

कॉलरपासून खालपर्यंत मागच्या बाजूनं थंडगार हवा आली. सलीमभाईनं घास गिळला. "चला, गाठीचा सवाल मिटला."

शोभानं मला भिंतीच्या कडेकडेनं स्टेजकडे ढकलत नेलं. "आता मरेपर्यंत पाठ दाखवाची नाही कोनाले!"

मी स्टेजवर खेकड्यासारखा आडवा चढलो. पाठ मागच्या पडद्याकडे केली. गजानन माझ्यामागे उभा राहिला आणि कोटाचे फाटलेले दोन्ही पल्ले त्यानं मुठीत धरले. म्हणजे कोट शेवटी भागीदारीतच! मी पुढे वाकलो की तो वाकायचा. मी हात जोडले की तो माझ्या काखेतून डोकावायचा. फोटोग्राफर ओरडला, "काका, जरा वळा ना!" मी म्हणालो, "आमच्यात वळत नाहीत." व्याह्यांच्या एक आत्याबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मेहुण्या-मेहुण्यांची माया पाहा गं, क्षणभर सोडत नाहीत एकमेकांना!"

रिसेप्शन पार पडत आलं. पोरगी हसत होती, शोभाच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. अब्रू वाचली होती! गजानन कानात म्हणाला, "भाऊजी, गुलाबजाम सरून राह्यले," आणि मला पडद्याच्या भरवशावर टाकून उतरला. शोभा माझ्यामागे, सोफ्याच्या टोकाशी आहेर आवरत होती.

तेवढ्यात व्याही आले. झुळझुळीत निळा सूट, खिशात रुमाल. मला राहवलं नाही. "व्याही, शिलाई किती पडली याची?"

"शिलाई कसली? भाड्याचा आहे हो!" ते मोकळेपणानं हसले. "वर्षातून एकदा घालायचा, त्यासाठी शिवत बसायचं कशाला? उद्या परत दिला की मोकळे."

भाड्याचा! पायाखालचा स्टेज हलला. कोट, नाडा, गाठ, गजाननचा हलता दात, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी कसंबसं विचारलं, "भाडं किती?"

त्यांनी कानात सांगितलं. माझ्या कोटाच्या नुसत्या बाह्यासुद्धा त्यात झाल्या नसत्या.

आयुष्यभर भाव केलेला मी, पार झोपलो होतो. पण जिभेला सवय असते. तिनं माझी वाट पाहिली नाही. "महाग पडला तुमाले!" मी गरजलो. "मले सांगतलं असतं, तं मलकापुरात निम्म्यात आणून देल्ला असता!"

व्याह्यांचा चेहरा पडला. जिंकलो! पुण्याच्या माणसाला भावात हरवल्याचा तो आनंद एकट्याच्या पोटात मावेना. "शोभा, ऐकलं का, व्याह्यांले फसवलं कोनंतरी!" असं ओरडत मी अख्ख्या मंडपाकडे पाठ करून ऐटीत वळलो.

मागून जो हशा आला, तेवढी एकच गोष्ट मला आयुष्यात भाव न करता मिळाली.