नशा नव्हे, गुंगी

कामगार कचेरीच्या जिन्याखाली टायपिस्ट बाईंचं टेबल होतं. पंचवीस वर्षं त्या लोकांचे अर्ज लिहून देत, आलेली इंग्रजी पत्रं समजावून सांगत. बोलायला फटकळ, पण कुणाला अर्ध्यावर सोडणाऱ्यातल्या नव्हेत.

एका सकाळी धुलाई कारखान्यातल्या इस्त्रीवाल्याची बायको कारखान्याचं इंग्रजी पत्र घेऊन आली. मागे नवरा उभा, गाल सुजलेला, मान खाली.

"बाई, शेजारची मुलगी म्हणाली, ‘स्टोन्ड’ म्हणजे दगड मारलेला. दगड यालाच मारला, तर कामावरून यालाच का काढलं?"

बाईंनी हसू गिळलं. "दगडाचा काही संबंध नाही गं. गांजाबिंजा ओढून तर्र झालेल्याला इंग्रजीत तसं म्हणतात. तुझा नवरा कामावर नशेत होता, असं लिहिलंय."

ती मटकन बाकावर बसली. "हा? याला दुसरा कप चहा झाला तरी रात्रभर झोप नसते."

मग नवरा चाचरत बोलला. दाढ काढली होती. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या होत्या. रजा मिळेना, म्हणून तसाच गेला. दुपारी डोळे मिटायला लागले, जीभ जड झाली. मुकादमाला काय उत्तर दिलं ते आठवतच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली. म्हटलं, खरंच काही केलं असेल मी."

बायकोने त्याला शेजारी बसवून घेतलं.

बाईंचे हात टाइपरायटरवर तसेच राहिले. त्यांच्या आईला शेवटच्या आजारपणात वेदना थांबवायची इंजेक्शनं चालू होती. आई मधेच हसे, लेकीलाच ताई म्हणे. भेटायला आलेली मामी दारात म्हणाली होती, "म्हातारी नशेत आहे." ते बाईंना अजून सलत होतं.

त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागवली आणि अर्ज टाइप केला: नशा माणूस हौसेने करतो, गुंगी औषधाने येते, पत्रातला शब्द या माणसाला लागू होत नाही.

तीन आठवड्यांनी कारखान्याने पत्र मागे घेतलं. दोघं बाईंना सांगायला आली.

"बाई," इस्त्रीवाला म्हणाला, "मला झालं होतं त्याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"ड्राउझी."

"चिठ्ठीवर लिहून द्या. अजून एक दाढ काढायची आहे. या वेळी मुकादमाला आधीच दाखवतो."

"या वेळी तू घरी झोपायचंस," बायको म्हणाली; चिठ्ठी मात्र तिने जपून पर्समध्ये ठेवली.