झाडणाऱ्या मावशींचं मत आधी

बुटांच्या कारखान्यातल्या मॅनेजरना सगळे पाठीमागे 'मशवरेवाले' म्हणत. मशवरा म्हणजे सल्लामसलत. इस्लाम धर्मानं ती करायला सांगितली आहे, म्हणून हा माणूस उठसूट सगळ्यांना गोलात बसवायचा. त्यात त्यांचा हेका असा, की सगळ्यात खालच्या हुद्द्यावरच्यानं आधी बोलायचं. साहेब आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "घरात मात्र भाजीसुद्धा मला न विचारता आणता," असा टोमणा बायको मारायची. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या दिवशी शाळकरी बुटांचे सहाशे जोड खोक्यांत भरून तयार होते. दुपारी टेम्पो येणार होता. हा माल वेळेत पोचला तर ग्राहक वर्षभराचं काम देणार होता. मशवऱ्यात झाडणाऱ्या मावशींची पाळी आली. एरवी "सगळं ठीक" म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या. आज झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, "साहेब, नवा गोंद आल्यापासून सोल सुटतायत."

नवा गोंद मॅनेजरनीच आणला होता, कुणालाही न विचारता. त्यांनी खोक्यातला एक बूट काढून ओढला. सोल हातात आला. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"दोन महिने तरी टिकतील की," सुपरवायझर पुटपुटला. "तोवर कोण बघतंय?"

"खोट लपवून माल विकायचा नाही. ते आपल्याला हराम आहे," मॅनेजर म्हणाले आणि सगळ्यांसमोर स्पीकरवर ग्राहकाला फोन लावला. "सोल टिकणार नाहीत. चूक माझी आहे. आठ दिवस द्या."

 

"पाच देतो," पलीकडून ग्राहकाचा आवाज आला. "वर्षाच्या कामाचं हा माल बघून ठरवू."

मॅनेजर शर्टाच्या बाह्या सरसावून मावशींशेजारी बसले आणि पुन्हा चिकटवण्यासाठी सोल उचकटायला लागले.

"मावशी, तुम्हाला हे कधी कळलं?"

"चार दिवस झाले. पण गोंद तुमचा होता ना. सांगू की नको, असं चाललं होतं."

हे मात्र त्यांना फार लागलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "यापुढं लगेच सांगत जा."

"मग आत्ताच सांगते. असं उचकटू नका, बूट फाटेल. टाचेकडून ओढा."