वाईट बातमी आपणच आधी सांगायची

हेमलता पाटणकर आमच्या सेल्स टीमच्या प्रमुख होऊन आल्या आणि पहिल्याच सोमवारी त्यांनी भिंतीवरचा फळा उतरवायला लावला. कोणी किती माल विकला ते त्यावर क्रमाने लिहिलेलं असायचं. ज्याचं नाव तळाशी, त्याला आधीचे साहेब सगळ्यांसमोर उभं करायचे.

"आपला आकडा ज्याचा त्याला पाठ असतो," मॅडम म्हणाल्या. "कुठे अडलंय ते मला सांगत जा."

आमची कंपनी हॉस्पिटलचे बेड विकायची. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दिल्लीच्या आसपास, गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव, जिथे नवं नर्सिंग होम उघडेल तिथे आम्ही कॅटलॉग घेऊन हजर. मॅडम दिल्लीतच वाढलेल्या. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बालपण सरकारी क्वार्टर्समध्ये. डॉक्टरांच्या केबिनबाहेर बाकावर ताटकळण्यापासून त्यांनीही सुरुवात केली होती. त्यामुळे आम्ही रिकाम्या हाताने परतलो, तर त्या आधी पाणी द्यायच्या आणि मग विचारायच्या.

त्यांचा खरा कस लागला तो एका तक्रारीने. फरिदाबादच्या एका नर्सिंग होममध्ये आमच्या नव्या बेडचा कठडा अचानक खाली आला. नर्सने वेळीच धरलं म्हणून म्हातारी पेशंट वाचली. कठड्याची खिट्टीच कच्ची होती, आणि तसे बेड आम्ही ठिकठिकाणी विकले होते. हेड ऑफिसचं म्हणणं, तक्रार येईल तिथे बदलून देऊ, बाकी ठिकाणी कशाला बोभाटा?

मॅडमनी आम्हाला बोलावलं. "ज्यांना ज्यांना विकलेत, त्यांच्याकडे आपण स्वतः जायचं. वाईट बातमी त्यांना आपल्याकडूनच कळली पाहिजे."

अविनाश आमच्यातला सर्वांत जास्त विकणारा. तो उसळला. "म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा? यार मॅडम, क्वार्टर संपतोय, टार्गेट कसं गाठणार?"

"आणि उद्या कोणी खरंच पडलं तर?" त्या म्हणाल्या. "ऑर्डर आणायला तू एकटा जा, अविनाश. शिव्या खायला मला सोबत घे."

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक गाझियाबादचे डॉक्टर त्यागी. तिथले बेड विनायकने विकले होते. टीममध्ये तो सर्वांत नवा, बोलताना जरा अडखळायचा. मॅडम त्याला आणि मला घेऊन तिथूनच सुरुवात करायला निघाल्या.

ऐकल्याबरोबर डॉक्टर कडाडले, "ये बेड बेचे किसने थे?"

विनायकचा चेहरा उतरला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मेरी टीम ने, डॉक्टरसाहब. जवाब मैं दूँगी. और बदलने का सारा काम विनायक देखेंगे, इन पर मुझे पूरा भरोसा है."

"कितने दिन में?"

विनायक अडखळत म्हणाला, "दो हफ्ते लगेंगे, सर."

"दो हफ्ते!" डॉक्टर पुन्हा भडकले. पण विनायकने मुदत कमी केली नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सॉरी मॅडम. चार दिवस म्हटलं असतं तर ते शांत झाले असते."

"आणि पाचव्या दिवशी?" मॅडम हसल्या. "बिल्कुल बरोबर बोललास. चलो, आधी काहीतरी खाऊ." कोपऱ्यावरच्या गाडीवर आम्ही छोले-कुलचे खाल्ले. विनायकने तर दोनदा मागून घेतले.

तो क्वार्टर आमचा सगळ्यात वाईट गेला. मॅडमचं प्रमोशन अडलं. टीममधल्या एकाला दुसरीकडे नोकरी मिळाली; त्याच्यासाठी मॅडमनीच त्या कंपनीत फोन करून चांगला शब्द टाकला होता. डॉक्टर त्यागींनी आमच्याकडून पुन्हा कधीच काही घेतलं नाही. मात्र वर्षभराने त्यांचे मेहुणे गुडगावात मोठं हॉस्पिटल उभारत होते, त्यांनी विनायकला फोन केला. "जीजाजी नाराज हैं, पर कहते हैं कि आप लोग छुपाते नहीं."

पुढे मॅडमचं प्रमोशन झालं आणि त्यांना हेड ऑफिसला बोलावणं आलं. टीम अविनाशला मिळणार असं सगळेच धरून चालले होते. मॅडमनी विनायकचं नाव सुचवलं, आणि ते दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत स्वतः अविनाशला जाऊन सांगितलं.

"माझ्यापेक्षा जास्त कोण विकतं?" तो म्हणाला.

"कोणीच नाही. पण दुसऱ्याने ऑर्डर आणली की तुझं तोंड कडू होतं. विनायकचं होत नाही. टीम सांभाळायला तेवढं लागतंच." मोठ्या हॉस्पिटलांसाठी त्याला वेगळं पद, विनायकच्या बरोबरीचं, त्यांनी भांडून मिळवलं होतं. अविनाश महिनाभर घुश्शात होता. नंतर मात्र त्या कामात असा रमला, की टीमचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मॅडम विनायकबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाकडे गेल्या. लोक सवयीने त्यांच्याकडे वळून भाव विचारायचे. त्या हात जोडून म्हणायच्या, "इनसे पूछिए," आणि चहाचा कप उचलून खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या.