संपवलेलं कुठे लिहायचं?

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरच्या ९.२ या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाल्या, "डायबिटीस है. और ये आज का नहीं है."

तो आकडा एचबीए१सीचा होता. मागच्या साधारण तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती, ते त्यावरून कळतं. साडेसहा किंवा जास्त आला की मधुमेह. मला ना जास्त तहान लागत होती, ना थकवा होता. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत सापडला, एवढंच.

गोळी सुरू झाली आणि डोळे तपासायला पाठवलं. तिथे 'रेटिनोपथी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि रक्त झिरपून डाग पडतात. माझी सुरुवात होती. "आत्ता दिसण्यात फरक नाही," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "पण साखर अशीच राहिली तर पडेल. गेलेली नजर परत येईलच असं नाही."

मी हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मशीनचे सुटे भाग तपासतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक मोजायचा, हेच काम. वय त्रेपन्न. दुसरं काही मला येत नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी रोज खाल्लेलं लिहायला सांगितलं. मी वही आखली: वेळ, पदार्थ, वजन, जेवणानंतर दोन तासांची साखर. स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. पोळ्या दोन, भात नव्वद ग्रॅम, आमटी एक वाटी. गाळ्यात कुणाच्या वाढदिवसाला खाल्लेला केकचा तुकडासुद्धा लिहिला. तरी साखर चढीच. घरचं साखर मोजायचं मशीनच जास्त दाखवत असेल म्हणून दुसऱ्या मशीनवर पडताळून पाहिली. फरक जेमतेम चार अंकांचा.

तीन महिन्यांनी एचबीए१सी आला ९.०. डॉक्टरीणबाईंनी सगळी वही उलटून पाहिली. "डायरी तो फर्स्ट क्लास है. पर रिपोर्ट से मॅच नहीं होती. कुछ छूट रहा है." आणखी तीन महिने बघू, नाहीतर इन्सुलिन, असं ठरलं. मला राग आला. मी एक ओळ खोटी लिहिली नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात डोळ्यांची दुसरी तपासणी झाली. दोन डाग वाढले होते. या तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि पुढे काही तास जवळचं धूसर दिसतं. म्हणून त्या दिवशी रात्रीच्या जेवणाची नोंद सायलीने, माझ्या मुलीने केली. ती बारावीला आहे.

सकाळी वही उघडली. पोळ्या आणि भाजीच्या खाली तिने लिहिलं होतं: 'भात, पातेल्यातून, दीड वाटी. बटाटा, कढईतून. माझी उरलेली अर्धी पोळी.'

"हे कशाला लिहिलंस? हे मी खाल्लं नाही, संपवलं."

"बाबा, संपवलंत म्हणजे कुठे टाकलंत?"

ओट्यापाशी माझ्या बायकोला हसू फुटलं. मला नाही आलं.

आमच्याकडे जेवणं होत आली की ही पातेलं घेऊन येते. "अहो, एवढं संपवून टाका, भांडी घासायला टाकते." मी पातेल्यातच आमटी ओततो. ताटात वाढलेलं ते जेवण आणि पातेल्यातलं ती आवराआवर, असं मी न ठरवताच धरून चाललो होतो. पुढचा आठवडाभर संपवण्याआधी वजन केलं. सात दिवसांत एक किलो ऐंशी ग्रॅम, त्यात बहुतेक भातच.

आकडा सांगितला तशी ही म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मीच तुम्हाला आजारी पाडत होते का?"

"तू फक्त म्हणायचीस. घास मीच घेत होतो."

"मग आता काय, फेकून देऊ?"

फेकायचं नव्हतं, कमी शिजवायचं होतं. तिचा अंदाज कायम एका पाहुण्याचा जास्त. आता कपाने तांदूळ मोजायला लागली. पहिले दोन दिवस भात कमी पडला. सायलीने बिस्किटं खाल्ली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तसं सांगितलं.

या वेळचा एचबीए१सी ७.१ आहे. डोळ्यांतले डाग वाढलेले नाहीत. गोळी चालूच राहील, तपासण्याही. इन्सुलिन सध्या नको, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ज्यांना लागतं त्यांनी माझं बघून थांबवू नये. पण वही ठेवत असाल तर 'संपवलं' असा एक रकाना जरूर आखा. आणि एखाद्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणाला ती लिहू द्या. सायलीने लिहिली नसती, तर मी खरं लिहीत लिहीतच नजर घालवून बसलो असतो.

परवा पातेल्यात थोडा भात उरला. हिने पातेलं उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि भात डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी त्याला फोडणी देऊन तो माझ्या ताटलीत वाढला. मी वहीत लिहिलं: फोडणीचा भात, सत्तर ग्रॅम. खाल्ला.