माडीवरचा संबळ

एका माडीवर संबळ, चौंडकं, तुणतुणं आणि दोन हट्टी पोरं जमली की किस्से शोधावे लागत नाहीत. ते जिना चढून आपोआप वर येतात!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या शिवणक्लासची माडी संध्याकाळी रिकामी असायची. तिथं सुहास आणि रेश्मा या जुन्या वाद्यांसाठी नव्या रचना बांधायचे. सुहास तुणतुणं धरायचा, रेश्मा चौंडकं. संबळाला गणपामामा, पिढीजात गोंधळी. रेश्माच्या वडिलांनी एकच कार्यक्रम करू दिला होता. तो पडला, तर संगीत बंद आणि डी.एड. सुरू!

*

पहिल्याच तालमीला मामांनी आईचं नमन सुरू केलं. ते काही संपेना.

सुहास म्हणाला, "मामा, हे माझ्या रचनेत नाही!"

"तुझ्यात नसंल. माझ्यात हाय की!"

तेव्हापासून प्रत्येक नवी रचना नमनानंतरच सुरू व्हायची.

*

चौंडक्याचा आवाज गल्लीत गेला, आणि शेजारच्या बायका हळदकुंकू, नारळ घेऊन वर आल्या. त्यांना वाटलं, जागर मांडलाय!

सुहासनं समजावलं, "मावशी, हे नवीन संगीत हाय."

"असू द्या की! देवी जुनीच हाय न्हवं?"

तो महिनाभर मी नारळ विकत घेतला नाही.

*

पावसाळ्यात संबळाचं कातडं सैल पडलं. तालमीत मामा मधेच थांबले आणि माझ्या शेगडीपाशी जाऊन संबळ शेकत बसले. पुण्याहून आलेले एक पाहुणे भारावून म्हणाले, "ही मधली शांतता फार बोलकी होती!"

मामा म्हणाले, "कातडं वलं झालतं, पावणं."

रेश्मानं मात्र ती शांतता रचनेत कायमची ठेवली.

*

कार्यक्रमाच्या दिवशी तीच शांतता नडली. संपलं समजून मागच्या रांगा उठल्या. रेश्माचे वडील घड्याळ बघायला लागले.

तेवढ्यात संबळ कडाडला, आणि पहिल्या रांगेतली रेश्माची गडहिंग्लजची आत्या केस सोडून घुमायला लागली. अंगात आलं! बाहेर गेलेले लोक पळत आत आले.

सुहास कुजबुजला, "मामा, रचना संपली!"

"आई खेळतीया. थांबू कसा?"

वडील हात जोडून पुढं झाले. सगळं घर ज्या बहिणीला घाबरायचं, तिच्या पायाशीच ते वाकले. "आई, काय चुकलं का? काय पायजे?"

आत्या डोळे मिटूनच गरजली, "पोरीला वाजवू दे! डी.एड.साठी माझ्याकडं गडहिंग्लजला धाडू नगंस!"